नळाला आधी गंज येतो, मग पाणी

सोलापुरात जुने लोखंडी नळ असलेल्या घरांत पाणी सुटले की पहिल्या एक-दोन बादल्या लालसर निघतात. त्या ओतून द्यायच्या आणि मग पिण्याचे भरायचे, ही सवयच झाली आहे. काही दिवसांआड येणारे पाणी असे ओतणे जिवावर येते. उजनीपासून सुमारे ११० किलोमीटरच्या समांतर जलवाहिनीची क्षमता दररोज १७० दशलक्ष लिटर आहे. त्यामुळे सगळी चर्चा 'पाणी किती' यावर होते. गंजाचे गणित मात्र पाइप किती वेळ भरलेला राहतो, यावर ठरते.

गंजताना लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात. हे इलेक्ट्रॉन ऑक्सिजन घेतो आणि शेवटी तांबूस, भुसभुशीत ऑक्साइड तयार होते. म्हणजे पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही हवेत. लिटरभर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असतो सात-आठ मिलिग्रॅम. लिटरभर हवेत तो पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. भरलेल्या पाइपात गंज उपाशी असतो. चावीवाल्याने चावी बंद केली, पाइप रिकामा झाला, की आतल्या ओल्या भिंतीला हवा लागते आणि तो जोमाने वाढतो. पुढच्या वेळी जोराने आलेले पाणी हे पोपडे खरवडून घरात आणते.

लोह स्वतः विष नव्हे. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे ०.३ मिलिग्रॅम होती, ती नंतर १ करण्यात आली. धोका वेगळाच आहे. गंज पाण्यातले क्लोरीन खाऊन टाकतो, त्याच्या गाठींत जंतूंना आसरा मिळतो. छिद्र पडलेल्या रिकाम्या पाइपात बाहेरचे सांडपाणी ओढले जाते, आणि नळाला थेट मोटार लावली की ही ओढ आणखी वाढते.

मोठ्या पोलादी वाहिन्यांना आतून सिमेंटचा गिलावा देतात. तो नुसता आडपडदा नाही. सिमेंट अल्कधर्मी असते, त्यामुळे पोलादावर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर बसतो आणि पुढची झीज थांबते. बाहेरून लेप लागतो, कारण ओल धरून ठेवणारी काळी माती पोलादाला मानवत नाही. काही ठिकाणी जस्त किंवा मॅग्नेशियमचे ठोकळे तारेने जोडून पुरतात. ते झिजतात, पाइप वाचतो. घरच्या जीआय पाइपवरचे जस्तही असेच आधी स्वतः झिजते. प्लंबर आटे पाडतो तिथे मात्र ते निघून जाते आणि गळती बहुधा सांध्यापासूनच सुरू होते.

पाण्याचा गुणधर्म सांभाळणे हाही उपाय आहे. अमेरिकेतील फ्लिंट शहराने २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला, पण गंजरोधक फॉस्फेट मिसळले नाही. पाइपांतला संरक्षक थर सुटला आणि नळांतून तांबडे पाणी तर आलेच, शिसेही आले.

प्लॅस्टिकचे पाइप गंजत नाहीत, पण सैल सांध्यातून सांडपाणी त्यांतही शिरते. जादा पाण्यामुळे दोन पाळ्यांतले अंतर कमी झाले, तरी पाळी संपल्यावर गल्लीतला पाइप रिकामा होणारच. तो सतत भरलेला ठेवायचा, तर जलवाहिनीइतकाच खर्च अंतर्गत वितरणावरही करावा लागेल.