खोलीचे तापमान, पण कोणाच्या खोलीचे?

वाइन कशी निवडावी, कशी साठवावी, कशी वाढावी, हे अधिकारवाणीने सांगणारे मराठी लेखन आता नवे राहिलेले नाही. वाइन प्यावी की नाही, हा आमचा येथे प्रश्न नाही. तो ज्याचा त्याने सोडवावा. आमचा आक्षेप या सल्ल्याच्या उसनेपणावर आहे. परकीय निकष जसेच्या तसे लावण्याची आपल्या समीक्षेची जुनी खोड आता पेल्यापर्यंत येऊन पोचली आहे.

'रेड वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी' हे सुप्रसिद्ध वाक्य घ्या. हा संकेत ज्या युरोपात रूढ झाला, तेथील जुन्या घरांतल्या खोल्या सोळा-अठरा अंशांच्या असत. आमच्या धाराशिवात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्या उष्म्यात वाइनमधला मद्यार्क तेवढा नाकाला झोंबतो आणि फळाचा स्वाद हरवतो. येथे रेड वाइनही पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवूनच वाढली पाहिजे. हे साधे वाक्य लिहायला आमच्या तज्ज्ञांना कोणाची परवानगी हवी आहे?

साठवणीचेही तेच. 'जितकी जुनी तितकी चांगली' हा समज थोड्या निवडक वाइनपुरता खरा आहे. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्या दोन-तीन वर्षांत पिण्यासाठीच केलेल्या असतात. तळघराचे वर्णन वाचून कोणी बाटली कपाटात जपली, तर मराठवाड्याचे दोन उन्हाळे तिची चव घालवतील. तळघर नसेल तर फ्रिज बरा. बूच असलेली बाटली आडवी ठेवावी. फिरकीच्या झाकणाची उभी ठेवली तरी बिघडत नाही. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्येच ठेवावी आणि तीन-चार दिवसांत संपवावी.

निवडीच्या बाबतीत फ्रान्समधल्या 'चांगल्या वर्षां'चे तक्ते पुढे केले जातात. तिकडे द्राक्षांची तोडणी साधारणपणे ऑगस्ट ते ऑक्टोबरात होते. आमच्या जिल्ह्यातला कोणताही बागायतदार सांगेल, की येथे एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी आणि उन्हाळ्याच्या तोंडावर तोडणी. नाशिकच्या बाटलीला बोर्दोचे वर्ष लावून काय कळणार? २००१ साली राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले, त्यालाही दोन दशके उलटली. द्राक्षे इथली झाली, सल्ला मात्र तिकडचाच राहिला.

ताटाकडे तर कोणी पाहतच नाही. चीज आणि भाजलेले गोमांस यांच्या जोड्या आम्ही किती वाचाव्यात? ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि झणझणीत रस्सा यांच्यासोबत तुरट, जहाल रेड वाइन घेतली तर तिखटाची आग वाढते. किंचित गोडसर, सौम्य आणि थंड शेनिन ब्लाँ तेथे अधिक शोभते.

यावर उत्तर ठरलेले आहे: वाइनच परकी, मग निकष देशी कोठून आणणार? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षाच्या मद्याला 'मधु' म्हटले आहे आणि त्याचे कापिशायन व हारहूरक हे प्रकार प्रदेशांवरूनच ओळखले आहेत. मद्याचे गुण भूमीवरून जाणावेत, हा विचार आपल्याला नवा नाही. आमच्या जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात तगराहून भडोचला जाणाऱ्या कापडाचा उल्लेख आहे. भडोच बंदरात मद्य उतरे आणि त्यात इटलीच्या मद्याला अधिक पसंती असे, हेही तोच ग्रंथ नोंदवतो. त्या व्यापाऱ्याने निदान गिऱ्हाइकाची आवड पाहून ठेवली होती. आजचा तज्ज्ञ गिऱ्हाइकाला काही विचारतच नाही. त्याने काय आवडून घ्यावे, एवढेच सांगतो.

वाचकहो, असा सल्ला पुढे आला, की लेखकाला एवढेच विचारा: हे लिहिताना आपल्या खोलीत किती अंश तापमान होते आणि ताटात काय होते?