आडनाव बदललं की झालं कॅरेक्टर?

दिवाळी अंकाला कथा पाठवायचीय? वेब सिरीजचा प्लॉट डोक्यात घोळतोय? हीरो अर्थात आपल्यासारखाच, आयटीतला, पुण्यात फ्लॅट वगैरे. पण सोसायटीचा वॉचमन, कॅन्टीनमधला पोरगा, गावाकडचा मेंढपाळ यांचं काय? आपण त्यांच्यावर लिहायचं की नाही?

यावर दोन फंडे जोरात आहेत. एक, जो जगला त्यानंच लिहावं. दुसरा, लेखकाला सब कुछ माफ! वाद घालायला दोन्ही झकास, पण लिहायला बसल्यावर कामाचा एकही नाही. त्यापेक्षा सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात एक चक्कर टाकू या.

व्यंकटेश माडगूळकर इथल्या माडगूळ्याचे, ब्राह्मण घरातले. त्यांची 'बनगरवाडी' (१९५५) मात्र धनगरांच्या वस्तीची. त्यांनी युक्ती काय केली? गोष्ट सांगायला धनगर घेतलाच नाही. बाहेरून आलेला पोरसवदा शाळामास्तर घेतला. मास्तरला दिसतं तेवढंच पानावर येतं. वाडी त्याला हळूहळू उलगडते, म्हणून आपल्यालाही. सगळं कळल्याचा आव नाही, त्यामुळे माणसं खरी वाटतात.

पण फक्त 'बनगरवाडी' वाचून माणदेश कळला म्हणाल, तर थांबा! त्याच तालुक्यातले, आटपाडीचे शंकरराव खरात. त्यांचं आत्मकथन 'तराळ-अंतराळ' (१९८१). माती तीच, दुष्काळ तोच. पण इथे गाव दिसतं ते महारवाड्यातून, तराळकी करणाऱ्या बापाच्या पोराच्या नजरेनं. हे मास्तरच्या खिडकीतून दिसणारं नव्हतं. मजा म्हणजे साहित्य संमेलनाचे अध्यक्ष १९८३ मध्ये माडगूळकर होते आणि १९८४ मध्ये खरात. लागोपाठ!

वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णाभाऊ साठेंनी तर 'फकिरा'त (१९५९) थेट मांग समाजातला नायक उभा केला. सरकारदरबारी ज्यांची गुन्हेगार म्हणून हजेरी लागायची, त्यांच्यातला हीरो. सातारा जिल्ह्यातल्या फलटण भागातून आलेल्या लक्ष्मण मानेंच्या 'उपरा'नं (१९८०) कैकाड्यांचं भटकं जगणं मराठीत आणलं. १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कारही मिळवला.

मग आपण काय करायचं? बाहेरच्यानं लिहू नये, असं माडगूळकर वाचून तरी म्हणवत नाही. पण आपण कुठे उभे राहून बघतोय, ते गोष्टीत दिसू द्या. नुसतं आडनाव बदलून आणि दोन 'लई भारी' पेरून कॅरेक्टर होत नाही. त्या माणसाला स्वतःची हौस, चीड, विनोद असू द्या. तो फक्त हीरोला धडा शिकवायला जन्मलेला नसतो.

आणि ज्यांच्यावर लिहिताय, त्यांनी स्वतःबद्दल काय लिहिलंय, ते आधी वाचा. या वीकेण्डला 'बनगरवाडी' आणि 'तराळ-अंतराळ' शेजारी शेजारी ठेवून बघाच. तुमच्या प्लॉटमधला वॉचमन सोमवारी वेगळं बोलायला लागेल.