दाढ रुजली!

दाताचे मोल दात गेल्यावर कळते, असे म्हणतात. मला ते गेल्या दिवाळीत एका चकलीने सांगितले.

खालच्या जबड्यातली डावीकडची दाढ मी काही वर्षांपूर्वी काढून टाकली होती. 'एका दाढेवाचून काय अडते?' हा त्या वेळचा माझा बाणा! पुढे उजवी बाजूही कुरकुरू लागली. त्यामुळे दिवाळीच्या पहाटे हिने पुढे केलेली चकली मी दाताखाली धरली, हिची पाठ वळताच रुमालात गुंडाळली आणि खिशात घातली. चार दिवसांनी तोच सदरा धुवायला घेतलेली ही माझ्यासमोर उभी राहिली. ओंजळीत चकलीचा भुगा.

"बिघडल्या होत्या का हो?" तिने विचारले. आवाज अगदी लहान झाला होता.

चाळीस वर्षे भाजणी दळणाऱ्या बाईला हा प्रश्न विचारावा लागावा, याची मला लाज वाटली. मी खरे ते सांगून टाकले. चिरंजीवांनी लगेच फर्मावले, "बाबा, इम्प्लांट करून घ्या."

निवृत्तीनंतर सदाशिव पेठेतले बिऱ्हाड मोडून आम्ही मुलाकडे हिंजवडीला आलो. इथे काचेच्या उंच इमारती, मोटारींच्या रांगा आणि ओळखीचे कोणी नाही. मुळासकट उपटून आणलेल्या झाडासारखा मी गॅलरीत बसून असे.

आमच्याच रस्त्यावर एक दंतवैद्य बाई आहेत, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी फोटो काढून दाखवला. "काका, दाढेच्या जागचं हाड झिजलंय. दाताच्या मुळाकडून हाडाला काम मिळतं. काम थांबलं की हाड आटत जातं."

निवृत्त माणसाला असली वाक्ये जरा लागतातच!

उपाय दोन होते. पूल बसवायचा तर शेजारचे दोन धडधाकट दात तासावे लागणार. आपल्या सोयीसाठी शेजाऱ्यांना तासायचे, हे पेठेतल्या माणसालाही पटेना. दुसरा उपाय म्हणजे हाडात टिटॅनियम धातूचे कृत्रिम मूळ रोवायचे आणि त्यावर दाढ उभारायची. खर्चाचा आकडा ऐकून मला माझा पहिला पगार आठवला, आणि तो फार केविलवाणा वाटला.

या विद्येचा उगम मोठा गमतीचा आहे. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क नावाचे एक संशोधक १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडातले रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी त्यांनी टिटॅनियमचे एक छोटे उपकरण हाडात बसवले होते. काम संपल्यावर ते काढू गेले, तर निघेना! हाडाने धातूला आपलेसे केले होते. १९६५ साली त्यांनी योस्टा लार्सन या गृहस्थांच्या जबड्यात अशी मुळे रोवली. ती त्यांना चाळीस वर्षांहून अधिक काळ, २००६ साली मृत्यू येईपर्यंत, पुरली.

मी लगेच खुर्चीत बसायला तयार झालो, पण बाईंनी माझा साखरेचा अहवाल पाहून मान हलवली. साखर चढलेली असली की जखम भरत नाही आणि हाड धातूला नीट धरत नाही. मग रोज सकाळी म्हातोबाच्या देवळापर्यंत चालणे सुरू झाले. देवळाजवळ दोन समदुःखी मधुमेही भेटले. साखर उतरायला चैत्र उजाडला.

प्रत्यक्ष काम दाढ काढण्यापेक्षा सोपे वाटले. जागा बधिर केली, हिरडी उघडली आणि आधी बारीक, मग जरा जाड अशा क्रमाने हाडाला छिद्र पाडले. वर मिठाच्या पाण्याची धार चालूच होती. हाड ४७ अंशांवर मिनिटभर तापले तरी त्यातल्या पेशी मरतात म्हणे. मग पेराएवढा स्क्रू हळूहळू आत फिरवला आणि टाके घातले.

"आणि दाढ?" मी विचारले.

"तीन महिन्यांनी."

"रस्त्यावर तर पाटी आहे, एका दिवसात दात!"

"काहींना जमतं ते, हाड भक्कम असेल तर. तुमचं नाही. त्याला निवांत रुजू द्या."

त्या तीन महिन्यांत स्क्रूला काम नव्हते, पण मला मिळाले. नातीला शाळेच्या बसवर सोडायचे आणि आणायचे. श्रावणापर्यंत इमारतीतली निम्मी मुले मला 'आजोबा' म्हणू लागली.

श्रावणात हिरडी पुन्हा जराशी उघडली. ती आकार धरेपर्यंत थोडे दिवस थांबून माप घेतले, शेजारच्या दातांशी रंग जुळवला. मग मुळावर एक छोटा खांब मोजून-मापून आवळला आणि त्यावर दाढ बसवली. निळा कागद चाववून उंची तपासली. निरोप देताना बाई म्हणाल्या, "ही किडणार नाही, पण हिरडी सुजली तर भोवतालचं हाड जाईल. ब्रश आणि दोरा रोज. आणि हिला रिकामी ठेवू नका!"

गेल्या आठवड्यात भाजणीचा नमुना म्हणून हिने चार चकल्या तळल्या. एक माझ्या हातात दिली आणि या वेळी पाठ वळवली नाही. समोरच उभी राहिली. मी डाव्या बाजूने चावलो. कुर्रम्!

"कशा झाल्यात?"

"जरा कडक आहेत."

"मग बरोबर झाल्यात," ही म्हणाली आणि पदराने डोळे टिपत आत गेली.