हा निसर्ग नाही, कारखाना आहे!

ऑनसाइटला इंग्लंडात गेलेला मराठी इंजिनियर एखाद्या वीकेंडला कुठल्यातरी दरीत फिरून येतो आणि आल्या आल्या दोन वाक्यं ठोकतो. एक, "काय निसर्ग आहे राव तिकडे!" आणि दोन, "गोऱ्यांना आपल्या वारशाची कदर आहे, आपल्याकडे कोणाला पडलीये?" मंडळी, ही दोन्ही वाक्यं साफ चूक आहेत. कशी, ते बघायला डर्बीशरमधल्या क्रॉमफर्डची गोल वाट उत्तम.

वाट सोपी आहे. क्रॉमफर्डच्या गिरणीपासून निघायचं, कालव्याच्या काठाने हाय पीक जंक्शनपर्यंत जायचं, तिथून जुन्या रेल्वेच्या चढाने ब्लॅक रॉक्स गाठायचे आणि खाली उतरून परत गावात यायचं. जेमतेम चार-पाच मैल. शेजारून डर्वेंट नदी वाहते, झाडी गच्च, कालव्यात बदकं. फोटो झकास येतात.

आता त्या फोटोत काय काय आहे ते बघू. तो 'शांत जलाशय' म्हणजे विल्यम जेसपने बांधलेला, १७९४ मध्ये पूर्ण झालेला मालवाहतुकीचा कालवा. तो सुंदर सरळ चढ म्हणजे १८३० च्या सुमाराला सुरू झालेल्या क्रॉमफर्ड अँड हाय पीक रेल्वेचा उतार. तिथे वर बसवलेलं वाफेचं इंजिन साखळीने (नंतर दोराने) वाघिणी ओढून घ्यायचं. कधी वाघिणी सुटायच्या, म्हणून त्यांना अडवायला खड्डा केला. त्यात आपटलेल्या एका वाघिणीचे अवशेष अजून पडलेले आहेत. ब्लॅक रॉक्सचे कडे तेवढे अस्सल निसर्गाचे, पण त्यांच्या पायथ्याचे ढिगारे शिशाच्या खाणीतला टाकाऊ माल आहे.

आणि सगळ्याच्या मुळाशी रिचर्ड आर्कराइट, धंद्याने न्हावी. त्याने १७६९ मध्ये सूतकताईच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि १७७१ मध्ये क्रॉमफर्डला पाण्यावर चालणारी गिरणी उभी केली. जागा का निवडली? इथे ओढ्याच्या जोडीला शिशाच्या खाणीतून निघणारं पाणी होतं, आणि ते कोमट असल्याने हिवाळ्यात गोठत नसे. पुढे दुसऱ्या एका खोल बोगद्याने ते पाणी पळवलं, कालवा कोरडा पडायची वेळ आली, म्हणून १८४९ मध्ये नदीचं पाणी उचलून कालव्यात टाकायला लीवूडचा वाफेचा पंप बसवला. तो पंपही जंक्शनच्या थोडं पुढे उभा आहे. थोडक्यात, इथलं पाणीसुद्धा 'निसर्गतः' वाहत नाही. याला निसर्ग म्हणणं म्हणजे सर्व्हर रूमला 'काय थंड हवा आहे' म्हणण्यासारखं.

एवढं चिडायचं कारण काय? कारण 'निसर्ग' म्हटलं की माणसं गायब होतात. या गिरणीत बारा-बारा तासांच्या पाळ्या दिवसरात्र चालायच्या. कामगारांत लहान मुलांचा भरणा मोठा होता. चित्रकार जोसेफ राइटने रात्रीच्या या गिरण्यांचं चित्र काढलंय; काळ्याकुट्ट दरीत सगळ्या खिडक्या पेटलेल्या. नाइट शिफ्ट केलेल्या कुणालाही ते चित्र बघून पोटात काहीतरी होईल. कापूस यायचा तो वेस्ट इंडीजसारख्या ठिकाणच्या गुलामांच्या मळ्यांतून. आणि आपलाही धागा यात आहे: भारतातून येणाऱ्या छापील सुती कापडाची धास्ती घेऊन ब्रिटिश पार्लमेंटने १७२१ मध्ये सुती कापडावर बंदी घातली होती. १७७४ मध्ये ती आर्कराइटच्या खटपटीने ब्रिटनमध्ये बनलेल्या कापडापुरती उठली. स्पर्धा कायद्याने रोखायची, स्वतःचं यंत्र तयार झालं की कायदा बदलून घ्यायचा. मस्त फंडा!

आता दुसरं वाक्य, 'गोऱ्यांची कदर'. ही गिरणी काही कदरीने आपोआप टिकली नाही. नंतर तिथे रंगाचा कारखाना होता आणि जागा विषारी रसायनांनी माखलेली होती. आर्कराइट सोसायटी नावाच्या संस्थेने १९७९ मध्ये ती विकत घेतली आणि वर्षानुवर्षं साफ करत बसली. रेल्वे १९६७ मध्ये बंद पडली. रुळांची जागा १९७१ मध्ये कौंटी कौन्सिल आणि नॅशनल पार्कने घेतली आणि पायवाट केली. युनेस्कोचा शिक्का आला तो २००१ मध्ये, म्हणजे सगळं करून झाल्यावर.

आणि वाट? इंग्लंडात लोकांचा जाण्याचा हक्क नोंदलेली पायवाट खाजगी जमिनीतून जात असली तरी मालकाला ती अडवता येत नाही. अशा वाटांचे अधिकृत नकाशे करणं कौंटी कौन्सिलांना १९४९ च्या कायद्याने बंधनकारक झालं. तो कायदा कोणी मेहेरबानी म्हणून दिलेला नाही. याच डर्बीशरच्या उत्तरेला किंडर स्काउटवर १९३२ मध्ये मँचेस्टर-शेफील्डकडची कामगार पोरं उमरावाच्या शिकारीच्या माळावर मुद्दाम घुसली. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. ती पोरं भांडली ती चालण्याच्या हक्कासाठी. त्याला 'गोऱ्यांची संस्कृती' म्हणणं हा त्या पोरांचा अपमान आहे.

आता आपल्याकडे या. मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये काढली. क्रॉमफर्डमध्ये जन्मलेली गिरणीची पद्धतच इथे आली. घंटेच्या जागी भोंगा आला, इतकंच. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि गिरणगाव पुन्हा उभं राहिलं नाही. १९९१ च्या नियमावलीत गिरणीच्या जमिनीचे ढोबळ तीन वाटे होते: मोकळी जागा, सार्वजनिक घरं आणि मालक. २००१ मध्ये ही वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती केली गेली आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बदल कायम ठेवला. म्हणजे आपल्याकडे 'कदर नव्हती' असं नाही. नियम होता, तो बदलला. कोणासाठी, ते लोअर परळला मान वर करून बघा.

कोणी म्हणेल, क्रॉमफर्डच्या जमिनीला भाव कुठे होता? मुंबईत एकेक एकर सोन्याचा. बरोबर! मग प्रश्न भावाचा आणि कायद्याचा आहे, रक्तातल्या संस्कारांचा नाही, एवढं तरी कबूल करा. आणि वाटेला एकर लागत नाहीत, दहा फूट रुंदी पुरते. लालबागहून निघून परळ, लोअर परळ, भायखळा करून परत लालबाग, अशी गोल वाट आखायची. उरलेल्या चिमण्या, चाळी, खानावळी जोडायच्या. टॉवरच्या आवारातून जावं लागलं तर जायचं, सिक्युरिटीला आयकार्ड न दाखवता. आणि पाट्यांवर मालकांच्या आधी जॉबर, बदली कामगार आणि साच्यावर उभं राहणाऱ्यांबद्दल लिहायचं.

यातलं काहीही अशक्य नाही. फक्त मागावं लागेल, आणि मागणारे आपणच असायला हवेत, कारण त्या टॉवरांत दिवसाचे दहा तास बसणारे आपणच आहोत. असो. क्रॉमफर्डला गेलात तर जरूर चाला, फोटोही काढा. फक्त खाली 'नेचर वॉक' लिहू नका.