तलवार पाहायची ती पात्यापासून

एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सोदबीजच्या लिलावातून सेनासाहेब सुभा रघूजी भोसले यांची तलवार महाराष्ट्र शासनाने मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. त्या दिवसांत आपण सर्वांनी समाजमाध्यमांवर काय लिहिले ते एकदा पुन्हा वाचून पाहा. सत्तेचाळीस लाखांची चर्चा झाली, मुठीवरच्या सोन्याची झाली, मिरवणुकीची झाली. पाते कसे आहे, याविषयी दोन वाक्ये सापडली तर नशीब. हा धागा त्या दुर्लक्षाविरुद्ध आहे.

त्या पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ, देवनागरीत कोरले आहे: ‘श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग’. शेवटचा शब्द नीट पाहा. नाव आणि पदवी यांच्या शेजारी पात्याची जात कोरलेली आहे. फिरंग म्हणजे युरोपातून आलेले, बहुधा सरळ, लांब पाते, ज्याला आपल्या कारागिरांनी आपली मूठ चढवली. अठराव्या शतकातल्या मराठा सरदाराला जी गोष्ट कोरून ठेवण्याजोगी वाटली, ती आपण वाचून पुढे सरकतो. काही जण तर ‘आमच्या वीराची तलवार परदेशी कशी?’ म्हणून चिडतात. ज्याची तलवार होती त्याने अभिमानाने ‘फिरंग’ लिहवून घेतले. त्याच्या वतीने आपण लाजण्याचे कारण काय?

पोफळीत बसून हे लिहिताना समोर कुंभार्लीचा घाट दिसतो. दाभोळच्या मुखातून वाशिष्ठीच्या खाडीने चिपळूणपर्यंत आलेला माल याच वाटेने देशावर चढत असे. समुद्राकडे पाठ करून मराठ्यांच्या शस्त्रांचा इतिहास लिहिता येत नाही, हे कोकणात राहणाऱ्याला तरी वेगळे सांगायला नको. (आपल्या भाषेत डोंगरातली वाट आणि वस्तूची ठेवण या दोहोंना ‘घाट’ हा एकच शब्द आहे. माझा विषय दुसरा घाट.)

तर पात्याचा घाट. आधी मूठ नजरेआड करा. मूठ बदलते. पात्याची शेपटी मुठीत लाखेने वा राळेने बसवलेली असते; ती तापवून काढता येते आणि एकाच पात्याने दोन-तीन पिढ्यांत दोन-तीन मुठी पाहिलेल्या असू शकतात. म्हणून मुठीवरून तलवारीचा काळ ठरवणे म्हणजे जिल्द पाहून पोथीचा काळ सांगणे. पात्याकडे पाहा: वाक आहे का, आणि असल्यास तो कुठे सुरू होतो? मुळापासून एकसारखा चढत जातो, की निम्मे पाते जवळजवळ सरळ जाऊन मग वळते? खोल वाकाचे पाते ओढून कापण्यासाठी असते. घोड्याच्या वेगात धार अंगावरून सरकते आणि चिरत जाते. सरळ पात्याला पल्ला मिळतो, भोसकता येते. टोकाकडचा भाग, म्हणजे पिपळा, रुंदावला असेल तर घावाला वजन मिळते. मग पाते पाठीकडून पाहा. चांगल्या पात्याची जाडी मुळाशी भरपूर असते आणि टोकाकडे हळूहळू उतरत जाते. हा उतार डोळ्यांना चटकन दिसत नाही, पण हाताला लगेच कळतो: तलवार मनगटात हलकी वाटते. बाजारात शोभेसाठी विकल्या जाणाऱ्या, पत्र्यातून कापलेल्या तलवारींची जाडी मुळापासून टोकापर्यंत एकच असते. त्यांच्यावर कितीही नक्षी करा, त्या पट्टीच राहतात.

पात्यावरच्या नळीला ‘रक्त वाहून जाण्यासाठीची’ म्हणणाऱ्यांनी आता थांबावे. नळी वजन कमी करते आणि पात्याचा ताठपणा राखते; छपराच्या पन्हळी पत्र्याला जो न्याय, तोच इथे. पात्यावरच्या टिकल्या म्हणजे मारलेल्या शत्रूंची मोजदाद, हीही अशीच एक लाडकी कथा. टिकल्या ही सजावट आहे. आणि वजन! साधारण तलवार एक किलोच्या आगेमागे भरते, लांब फिरंगही बहुधा दीड किलोच्या आसपासच. दहा-पंधरा किलोंची तलवार फिरवणारा वीर कल्पणे हा वीराचा गौरव नव्हे. त्याच्या लोहाराचा मात्र तो अपमान आहे.

जपानकडे पाहा. तिथे जुन्या तलवारीचे परीक्षण करणारा ती हातभर अंतरावर उभी धरतो आणि सर्वप्रथम तिचा एकूण आकार पाहतो. पोलादाचा पोत आणि धारेवरची पाण्याची रेषा त्यानंतर. वाक मुठीजवळ दाटला असेल तर पाते जुन्या, घोडेस्वारांच्या काळाकडे बोट दाखवते. तो टोकाकडे सरकला असेल तर पायी लढाईच्या नंतरच्या काळाकडे. चौदाव्या शतकातली लांब, रुंद, मोठ्या टोकाची पाती पुढे अनेकदा खालून कापून आखूड केली गेली आणि त्यात कारागिराची सहीही गेली. मासामुने हा तिथला सर्वांत नावाजलेला कारागीर. त्याच्या सहीची पाती मोजकीच आहेत. तरीही परीक्षकांच्या पिढ्यांनी बिनसहीची पाती आकारावरून आणि पोलादावरून ओळखली, त्यांच्या याद्या केल्या. मुठीत दडणाऱ्या शेपटीवरचा गंज ते कधीच काढत नाहीत, कारण तो गंज हाही पुरावा असतो.

आणि आपण? एका शस्त्रप्रदर्शनात मी पाहिलेली जुनी तलवार आरशासारखी चमकत होती. आयोजकांनी ती आदल्या आठवड्यात ग्राइंडरवर ‘साफ’ करून घेतली होती, आणि ते कौतुकाने सांगत होते. पाठीच्या कडा गोल झाल्या होत्या, नळीची रेघ पुसट झाली होती, पिपळ्याची धार पातळ होऊन लाटेसारखी दिसत होती. पोलादात जौहर असलाच, तर तो पाहण्याची सोय आता उरली नव्हती. ज्या घाटावरून तिचा काळ सांगता आला असता, तोच चाकाखाली गेला. गंजाला जे शतकांत जमले नाही, ते भक्तीने एका दुपारी केले.

यावर ठरलेले उत्तर येते: ‘आम्ही परीक्षक नाही, आमच्यासाठी ती श्रद्धा आहे.’ मान्य. पण मग तिचा मालक कोण, तिने किती मुंडकी उडवली, हे छातीठोकपणे सांगू नका. ते सांगायचे असेल तर पुरावा लागतो, आणि बिननावाच्या तलवारीचा पहिला पुरावा तिचे पातेच असते. कोकणात आणि देशावर घराघरांत देव्हाऱ्याशेजारी ठेवलेल्या बहुसंख्य तलवारींवर कुणाचेच नाव नाही. त्या कुणा छत्रपतींच्या नसतील, एखाद्या शिलेदाराच्या असतील. त्यांच्याविषयी खरे काही कळण्याचा दुसरा मार्ग फार थोड्या वेळा हाती येतो.

तुमच्या घरी अशी एखादी असेल तर ग्राइंडर, पॉलिश पेपर, लिंबू आणि चिंच चारही दूर ठेवा. कोरड्या मऊ कापडाने पुसा, हलक्या तेलाचा हात फिरवा. मग सपाट जागी ठेवून बरोबर वरून एक छायाचित्र घ्या, पाठीकडून दुसरे, शेजारी मोजपट्टी ठेवून. मुठीचे तिसरे सवडीने घ्या.