प्राध्यापकांचे प्रशिक्षण नेमके कोणासाठी?

आपल्या देशात पहिलीच्या वर्गावर उभे राहायचे तर डी.एड. लागते; त्यालाच आता डी.एल.एड. म्हणतात. हायस्कूलमध्ये शिकवायचे तर बी.एड. लागते. पण बी.ए., बी.एस्सी., एम.ए.च्या वर्गावर उभे राहणाऱ्या माणसाला शिकवायचे कसे, हे कोणी शिकविलेले नसते. त्याच्याकडे पदव्युत्तर पदवी असते, नेट-सेट असते, नाहीतर पीएच.डी. असते. म्हणजे त्याला विषय येतो, एवढेच सिद्ध झालेले असते. विषय येणे वेगळे आणि तो समोरच्या साठ मुलांपर्यंत पोहोचविणे वेगळे.

या उणिवेची किंमत कोण मोजतो? ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे, ज्याचा काका इंजिनिअर आणि आत्या प्राध्यापक आहे, ज्याला खासगी शिकवणीचे पैसे भरता येतात, त्याचे वाईट शिकविण्याने फारसे बिघडत नाही. तो वर्गाबाहेर शिकून घेतो. पण ज्याचा बाप वीटभट्टीवर आहे आणि आई शेतमजुरी करते, जो मराठी माध्यमातून बारावी करून तालुक्याच्या महाविद्यालयात आला आहे, त्याच्यासाठी तो पन्नास मिनिटांचा तास हीच एकमेव संधी असते. तो तास वाया गेला की त्याचे सर्वच वाया गेले. म्हणून प्राध्यापकांचे प्रशिक्षण हा शिक्षणखात्याच्या फायलीतला कोरडा विषय नाही. तो आपल्या मुलामुलींच्या भवितव्याचा प्रश्न आहे.

हा विचार आपल्याला परका नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले, त्यात शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांना पुरेसा पगार असावा आणि ते कष्टकरी समाजातूनही यावेत, अशी मागणी आहे. प्रशिक्षण, पगार आणि शिक्षकाचा समाज या तीन गोष्टी जोतीरावांनी एकत्र मांडल्या, हे लक्षात घेतले पाहिजे. खुद्द सावित्रीमाईंनी शिकवायला उभे राहण्यापूर्वी अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेतले होते. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात ज्या जॉन ड्युई यांच्या वर्गात बसले, ते तर शिक्षणशास्त्राचे जगप्रसिद्ध तत्त्वज्ञ. पुढे १९१८ ते १९२० या काळात बाबासाहेब सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, तेव्हा त्यांचा तास ऐकायला इतर महाविद्यालयांतील विद्यार्थीही येत. आणि त्याच महाविद्यालयात सहकारी प्राध्यापकांनी त्यांच्या पाणी पिण्यावर आक्षेप घेतला होता! उत्तम शिकविणे आणि जात हे दोन्ही विषय एकाच महाविद्यालयात, एकाच माणसाच्या वाट्याला आले.

आता सरकारी योजनेकडे वळू. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अ‍ॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद येथील विद्यापीठांत ती उभी राहिली. नव्या प्राध्यापकांसाठी चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग आणि जुन्यांसाठी तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग अशी त्यांची घडी होती. पुढे या केंद्रांचे नाव मानव संसाधन विकास केंद्र झाले. ५ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम जाहीर केला आणि देशभरातील १११ केंद्रे त्याखाली आणली. पाटी दोनदा बदलली. वर्गातले शिकविणे किती बदलले?

ज्यांनी हे वर्ग केले आहेत अशा कोणत्याही प्राध्यापकाला विचारा. बहुतेकांचे उत्तर एकच येईल : कॅससाठी केला. कॅस म्हणजे पदोन्नतीची योजना. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार सहायक प्राध्यापकाला पुढच्या वेतनस्तरावर जायचे असेल तर २१ दिवसांच्या उद्बोधन वर्गासह ठरावीक वर्ग पूर्ण करावे लागतात. म्हणजे प्रशिक्षणाचा संबंध वर्गातल्या मुलाशी न राहता पगाराच्या स्लिपशी जोडला गेला. प्राध्यापकाला प्रमाणपत्र हवे, केंद्राला संख्या हवी, आयोगाला अहवाल हवा. तिघांचेही काम भागते. ज्याच्यासाठी हे सर्व करायचे, तो विद्यार्थी या हिशेबात कोठेच नाही. तीन आठवड्यांनंतर तो प्राध्यापक आपल्या वर्गात वेगळे काय करतो, हे पाहायला कोणी जात नाही. २०२० साली कोरोनाच्या काळात तर वेबिनार आणि ई-प्रमाणपत्रांचा पूरच आला होता. कॅमेरा बंद, माणूस स्वयंपाकघरात आणि हजेरी पूर्ण! ती सवय अजूनही पुरती गेलेली नाही.

पण आपला मूळ आक्षेप याहून खोल आहे. या वर्गांत शिकवितात काय? पीपीटी कशी करावी, संशोधन प्रकल्प कसा लिहावा, नॅकसाठी फाईल कशी लावावी, ताणतणाव कसा घालवावा, हे सर्व असते. भारतीय वर्गखोलीतले सर्वांत मोठे वास्तव मात्र दाराबाहेर ठेवले जाते. ते वास्तव म्हणजे जात.

जरा आठवून पाहा. एम्समधील अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा २००७ चा अहवाल सांगतो की, भेदभाव फक्त वसतिगृहात नव्हता, तो शिकविण्यात आणि परीक्षेच्या टेबलावरही होता. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादेत रोहित वेमुला गेला. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. डिसेंबर २०२३ मध्ये खुद्द केंद्र सरकारने संसदेत सांगितले की, आधीच्या पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठे, आय.आय.टी. आणि आय.आय.एम. मिळून अनुसूचित जाती, जमाती व ओबीसींच्या १३ हजार ६२६ विद्यार्थ्यांनी शिक्षण सोडले. सरकारचे म्हणणे असे की, विद्यार्थ्यांपुढे अनेक पर्याय असतात, ते दुसरीकडे जातात. काही जात असतीलही. पण जिवाचे रान करून मिळविलेली जागा इतकी मुले सुखासुखी सोडतात, यावर कोणी विश्वास ठेवावा?

वर्गात हे कसे घडते? बहुतेक वेळा शिवीगाळ होत नाही. शिष्यवृत्तीची यादी भर वर्गात मोठ्याने वाचली जाते. आडनाव विचारून झाल्यावर नजर बदलते. एकाच बाकावरच्या दोन-तीन मुलांनाच प्रश्न विचारले जातात. इंग्रजी अडखळले की 'तुमच्याच्याने होणार नाही' असे सांगितले जाते. तोंडी परीक्षेत आणि अंतर्गत गुणांत दोन-चार गुण इकडचे तिकडे होतात. यातली एकही गोष्ट पोलीस ठाण्यात नोंदविता येत नाही. पण मुलाचे मन मोडायला ती पुरेशी असते.

आणि हे सर्व सुधारता येते. जबाबदारी इथेच येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या समता नियमावलीने वर्गात विद्यार्थ्याची जात जाहीर करणे, त्याला आरक्षणवाला म्हणून हिणविणे, मूल्यमापनात भेदभाव करणे या गोष्टी स्पष्टपणे भेदभाव म्हणून नोंदविल्या. समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितले. किती प्राध्यापकांनी ती नियमावली उघडून पाहिली आहे? ती अमलात यावी म्हणून रोहितच्या व पायलच्या मातांना २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. जानेवारी २०२६ मध्ये आयोगाने नवी नियमावली काढली, तेव्हा काही लोक रस्त्यावर उतरले, त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली आणि २०१२ चे नियम चालू ठेवण्यास सांगितले. कायद्याची ही लढाई न्यायालयात चालेल. पण प्राध्यापकाला वर्गात कसे वागावे हे शिकवायला कोणत्या न्यायालयाने मनाई केली आहे?

सरकार म्हणेल, मालवीय मिशनच्या आठ विषयांत विद्यार्थी विविधता व सर्वसमावेशक शिक्षण हा विषय आहे. आहे, हे आम्ही मान्य करतो. पण त्या आठांत भारतीय ज्ञानप्रणालीही आहे आणि उत्साह कोणत्या विषयाला जास्त आहे, हे सांगायला ज्योतिषी नको. आमचा भारतीय ज्ञानाला विरोध नाही. नालंदा हे भारतीय ज्ञान आहे, दिङ्नाग आणि धर्मकीर्ती यांचे तर्कशास्त्र हे भारतीय ज्ञान आहे. गुरूला प्रश्न विचारण्याची, वाद घालून सत्य तपासण्याची ती परंपरा अध्यापनाचीच परंपरा होती. ती शिकविणार असाल तर आम्ही पुढच्या बाकावर बसू. पण ज्ञानप्रणालीच्या नावाखाली एकलव्याचा अंगठा मागणाऱ्या गुरूचा महिमा सांगणार असाल, तर ते प्रशिक्षण उलट्या दिशेचे आहे. आणि नावाबद्दलही एक शब्द. पुणे करारावर सवर्ण हिंदूंच्या बाजूने सही करणाऱ्या मदनमोहन मालवीयांचे नाव देशभरच्या शिक्षक प्रशिक्षणाला देताना, प्रशिक्षण घेऊन शेणाचे गोळे झेलत शिकविणाऱ्या सावित्रीमाईंची आठवण कोणालाच का झाली नाही?

दुसरा प्रश्न, प्रशिक्षण मिळते कोणाला? महाराष्ट्रातील कित्येक महाविद्यालये आज तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांवर चालली आहेत. नेट-सेट, पीएच.डी. झालेली आपलीच मुले-मुली तासाच्या हिशेबाने वर्षानुवर्षे राबत आहेत. सुटीत मानधन नाही, पुढच्या वर्षाची हमी नाही. तीन आठवडे वर्गाला जायचे तर तेवढे तास बुडतात, म्हणजे तेवढे पैसे बुडतात. कायम प्राध्यापकाला कर्तव्य रजा मिळते, पदोन्नती मिळते; याला काय मिळणार? म्हणजे जो सर्वांत जास्त वर्ग घेतो, त्याच्यापर्यंत प्रशिक्षण पोहोचतच नाही. जोतीरावांनी पगार आणि प्रशिक्षण एकत्र का मांडले, याचे उत्तर येथे सापडते. रिक्त जागा भरा, बिंदुनामावलीप्रमाणे भरा, ही मागणी सोडून केवळ प्रशिक्षणाची भाषा करणे म्हणजे पाया न घालता रंगरंगोटी करणे होय.

आपल्यातील काही कार्यकर्ते म्हणतात, मनातली जात तीन आठवड्यांच्या वर्गाने जाणार नाही. आपली माणसे नेमा, प्रश्न सुटेल. यात निम्मे सत्य आहे. मन बदलेल की नाही हे आपल्या हातात नाही, पण वागणूक नियमाने बदलविता येते. उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक टाकला की परीक्षकाच्या मनात काय आहे याला महत्त्व उरत नाही. शिष्यवृत्तीची यादी मोठ्याने न वाचता प्रत्येकाला स्वतंत्र कळविली की मुलाची मान खाली जात नाही. इंग्रजी संज्ञा आधी मराठीतून समजावून मग इंग्रजीतून पक्की करण्याची पद्धत शिकविली, तर मराठी माध्यमाचा मुलगा पहिल्या सत्रातच बाद होत नाही. ही कौशल्ये आहेत आणि ती शिकविता येतात. राहिला प्रश्न आपल्या माणसांचा. राखीव जागेवर लागलेला प्राध्यापकही प्रमाणपत्रापुरताच वर्ग करीत असेल, वर्षानुवर्षे त्याच पिवळ्या नोट्स लिहून देत असेल, तर आपल्या मुलांचे नुकसान त्याच्याही हातून होते. शिकलेल्यांबद्दल बाबासाहेबांनी १९५६ साली आग्र्यात जी व्यथा बोलून दाखविली, ती आठवून प्रत्येकाने स्वतःला तपासावे.

तेव्हा आपल्या विद्यार्थी संघटनांनी, प्राध्यापक संघटनांनी मागण्या नेमक्या करायला हव्यात. प्रत्येक उद्बोधन वर्गात वर्गखोलीतील जातीय भेदभाव हा स्वतंत्र आणि सक्तीचा विषय असावा. त्यात आयोगाची समता नियमावली वाचून घ्यावी. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांना प्रशिक्षणाच्या दिवसांचे मानधन मिळावे. प्रमाणपत्र देऊन मोकळे न होता सहा महिन्यांनी त्या प्राध्यापकाचा तास प्रत्यक्ष पाहावा, त्याच्या विद्यार्थ्यांचे म्हणणे नाव न लिहिता घ्यावे. साधनव्यक्तींची यादी जाहीर करावी. ती जाहीर होत नसेल तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आपल्याजवळ आहे. आपल्या विद्यापीठाच्या केंद्राला एक अर्ज करा : गेल्या तीन वर्षांत किती वर्ग झाले, त्यांत सामाजिक भेदभावावर किती तास झाले आणि बोलायला कोण आले? उत्तर हातात आले की लढ्याला पुरावा मिळतो.

आणि काही कामे सरकारची वाट न पाहता करता येतात. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, सिद्धार्थ आणि मिलिंद उभे केले. आपल्या समाजात आज निवृत्त प्राध्यापकांची एक पिढी आहे. तिने जिल्ह्याजिल्ह्यांत नव्या प्राध्यापकांसाठी रविवारच्या कार्यशाळा घेतल्या, शिकवायचे कसे आणि मागच्या बाकावरच्या मुलाला बोलते कसे करायचे हे आपल्या अनुभवातून सांगितले, तर त्याला आयोगाच्या मान्यतेची गरज नाही. तालुक्याच्या महाविद्यालयात उद्या सकाळी पहिला तास भरेल, तेव्हा त्या मुलाला प्राध्यापकाची प्रमाणपत्रे दिसणार नाहीत. त्याला फक्त एवढेच कळेल की, समोरचा माणूस आपल्यासाठी शिकवितो आहे की नाही.