टिकून राहण्याचा मोबदला

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा विदर्भात सोयाबीन बाजारात गेलेलं असेल, कापसाची पहिली वेचणी सुरू असेल. कृषी केंद्राची उधारी, सोसायटीचं कर्ज, लेकीची दिवाळी, सगळे हिशेब याच दिवसांत होतात. ते जुळले नाहीत की घरातला कर्ता माणूस बोलेनासा होतो.

त्याने जायचं कुठे? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली सुरू झाला. वीस वर्षांनंतरच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आढळलं, की नैराश्याच्या शंभर रुग्णांपैकी ८५ जणांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नाहीत. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा नाही. जे आहेत ते बहुतेक शहरांत. तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टर ठरलेल्या वारी येतात. गावाहून एसटीने आलेली बाई गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीतून काढून टेबलावर मांडते. समोर नवे डॉक्टर. ते पहिल्यापासून विचारू लागतात, आणि नवऱ्याने विहिरीत उडी घेतली तो दिवस तिला पुन्हा सांगावा लागतो. पुढच्या खेपेला ती येत नाही.

नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायलाच काही आठवडे लागतात, बरं वाटल्यावरही त्या कित्येक महिने घ्याव्या लागतात. इथे खरी गरज आहे ती टिकणाऱ्या माणसाची. आपली प्रोत्साहनं मात्र उलटी चालतात. दुर्गम भागातल्या सेवेसाठी पदव्युत्तर प्रवेशात वर्षाला दहा टक्के, जास्तीत जास्त तीस टक्के गुणांची सवलत नियमांत आली. तिच्यामुळे डॉक्टर गावात येतात, हे खरं. पण तीच त्यांना परतही नेते. समुपदेशक कंत्राटी, अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर. आशाताईंना मानधनापलीकडचा मोबदला कामागणिक: प्रसूतीचा, लसीकरणाचा. कुणाच्या ओसरीवर तासभर बसून त्याचं ऐकून घेतलं, तर ते कोणत्या रकान्यात लिहायचं?

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावपातळीवरच्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांवर भर दिला. नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण तिथे ४.३ टक्के होतं, ते २७.२ टक्के झालं. माणसं मदत नाकारत नाहीत, हे यातून दिसतं. मदत हाकेच्या अंतरावर हवी.

म्हणून पैसा द्यायचा तो टिकण्याला द्यावा. रुग्णामागे मोबदला ठेवला तर नोंदवह्या तेवढ्या फुगतील. त्यापेक्षा तिसऱ्या वर्षी वाढणारा आणि पाचव्या वर्षी आणखी वाढणारा भत्ता द्यावा, शैक्षणिक कर्जाचे हप्ते सरकारने भरावेत, राहायला धड घर द्यावं. समुपदेशकांना कायम पद आणि आशाताईंना या कामासाठी ठरावीक मासिक रक्कम मिळावी. त्याग करणारी माणसं आपल्याकडे आहेत, त्यांच्याविषयी आम्हाला नितांत आदर आहे. पण त्यांच्या त्यागावर एका जिल्ह्याची आरोग्यव्यवस्था उभी करणं अन्यायाचं आहे.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या मांडल्या जातील. त्यात या खर्चाची तरतूद व्हावी, अशी आमची मागणी आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या आमदारांनी, पक्ष कोणताही असो, ती सभागृहात लावून धरावी.